दोन बुबुळांमधलं अंतर

दादाचा टॅब आला त्या दिवशी बाबांनी दुकान डोक्यावर घेतलं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो लांबच्या शहरात कुठल्याशा कंपनीत नोकरी करतो आणि तिथे बसून आमचं चष्म्याचं दुकान चालवतो, असा निदान त्याचा समज आहे. कपाटात दिवे कुठले लावावेत, गिऱ्हाइकाशी काय बोलावं, मी केस कसे बांधावेत, सगळं त्याला तिथून दिसतं. आता त्याने हे यंत्र पाठवलं होतं. ते गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर धरायचं. स्क्रीनवर एक बारीक ठिपका लुकलुकतो, एका बाईचा आवाज सांगतो, "ठिपक्याकडे बघा," गिऱ्हाईक बघतं, टुंग होतं, दोन बुबुळांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये समोर येतं आणि ती बाई ते बोलूनही दाखवते. आता पट्टी नको आणि पट्टी धरणारा माणूसही नको, असं दादा फोनवर म्हणाला नाही, पण ऐकू तसंच आलं.

"भंगार आहे," बाबा म्हणाले. "सकाळी तू यायच्या आधी उघडून बघितलं मी. शुद्ध भंगार."

"चालू होत नाहीये का?"

"चालू होतंय. तरी भंगार आहे. खोक्यात घाल आणि माळ्यावर टाक."

मी तो माळ्यावर टाकला नाही, माझ्या टेबलाच्या खणात ठेवला. बाबांचा राग फार तर पुढच्या चहापर्यंत टिकतो, हे मला ठाऊक होतं. हा मात्र टिकला. टॅबचं नाव काढलं की त्यांच्या कपाळावर आठी चढायची आणि मग तास-दीड तास कुणाशी धड बोलणं नाही.

आमच्या दुकानाचे दोन भाग आहेत. पुढे काउंटर, फ्रेमची कपाटं आणि बाबांची खुर्ची. मधे प्लायवूडचा आडपडदा. मागे मी आणि लेन्स घासायचं मशीन. बाबा पुढून चिठ्ठीवर आकडे लिहून पाठवतात, मी त्या मापाने लेन्स घासते आणि फ्रेममध्ये बसवते. डोळ्याचा नंबर डॉक्टर काढून देतात, त्यात आमचं काही नसतं. आमचं असतं ते अंतर. लेन्सचा मध्य बरोबर बुबुळासमोर यावा लागतो. तो जरा सरकला की माणसाचं डोकं दुखतं, फरशी तिरकी दिसते, आणि मग तो येऊन आमचं डोकं खातो.

हे अंतर घ्यायची बाबांची पद्धत मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आलेय. गिऱ्हाइकाच्या समोर हातभर अंतरावर बसायचं. पट्टी त्याच्या डोळ्यांसमोर, नाकावर टेकवून धरायची. "माझ्या डाव्या डोळ्याकडे बघा," म्हणत आपला उजवा मिटायचा आणि पट्टीचं शून्य त्याच्या एका बुबुळावर आणायचं. मग, "आता उजव्या डोळ्याकडे," म्हणत आपला डावा मिटायचा आणि दुसऱ्या बुबुळावरचा आकडा वाचायचा. ही डोळे मिटायची नाटकं कशाला, असं मी लहानपणी विचारलं होतं. बाबा म्हणाले होते, "एकाच डोळ्याकडे बघायला लावलं की माणसाचे दोन्ही डोळे आत वळतात, ठमे. मग अंतर कमी भरतं." ठमी म्हणजे मीच. खरं नाव घ्यायची पद्धत आमच्या घरात फक्त भांडणाच्या वेळी आहे.

आई गेल्यापासून बाबांचं सगळं जगणं त्या पुढच्या खुर्चीत आहे. घरी ते बसतात, जेवतात, झोपतात, पण जगतात दुकानात. समोर माणूस येऊन बसला की त्यांना कंठ फुटतो. मुलाचं लग्न, सुनेचं बाळंतपण, कुणाचा गुडघा, सगळ्या चौकशा पट्टी हातात धरून. गिऱ्हाईकही मोकळं होतं. इतक्या जवळून, थेट डोळ्यांत बघून कुणी विचारपूस करतंय, असं माणसाच्या वाट्याला फारसं येत नाही.

तर, टॅब खणात गेला आणि थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या.

पहिल्या आल्या त्या शाळेतल्या बाई. "नवा चष्मा लावला की जिना अंगावर येतो हो. मुलांना वाटतं, बाई घाबरल्या." मग कोपऱ्यावरचा शिंपी. त्याला संध्याकाळपर्यंत डोळ्यांमागे ठणका लागायचा. मग एक आजी, मग आणखी कुणी. मला वाटलं, माझं मशीन बिघडलं. ते उघडलं, पुसलं, तपासलं. मशीन ठीक होतं. मग मी बाईंचा जुना चष्मा मागून घेतला आणि नव्याशेजारी ठेवून मोजला. नव्यात लेन्सचे मध्य एकमेकांच्या तीन मिलिमीटर जवळ आले होते. शिंप्याच्या चष्म्यात तेच, तीन. आजीच्याही चष्म्यात जवळपास तेवढंच. मी चिठ्ठ्यांप्रमाणेच घासलं होतं. चिठ्ठ्यांवरच अंतर कमी लिहिलेलं होतं.

चूक झाली तर ती कधी कमी होते, कधी जास्त. दर वेळी एकाच बाजूला आणि सारखीच कशी होईल? मी मशीन बंद करून बसले आणि आडपडद्यापलीकडचं ऐकू लागले. पुढे कुणीतरी आलं होतं. बाबांनी त्याला बसवलं, प्रकृती विचारली.

"माझ्या उजव्या डोळ्याकडे बघा. हां. बघत राहा."

मी दुसऱ्या वाक्याची वाट बघत राहिले. ते आलंच नाही. "झालं," बाबा म्हणाले.

एकाच डोळ्याकडे बघायला लावलं की अंतर कमी भरतं. जन्मभर जी दोन वाक्यं जोडीने ऐकली, त्यातलं एक कधी गळून पडलं ते मला मशीनच्या आवाजात कळलंही नव्हतं. डाव्या डोळ्याकडे बघा असं बाबा म्हणेनासे झाले होते, कारण त्या डोळ्याने त्यांना समोरच्या पट्टीवरचं काही दिसत नसणार.

तरी मी स्वतःला म्हटलं, ठमे, उगाच काहीबाही मनात आणू नकोस. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी पुढे जाऊन खुर्चीत बसले.

"बाबा, मला नवा चष्मा करायचाय. अंतर घ्या."

"तुझं काय घ्यायचं? एकसष्ट. पाठ आहे मला."

"तरी घ्या. बदललं असेल."

"घोडी झालीस, आता काय बदलणार आहे?" पण त्यांनी पट्टी उचलली. समोर बसले. "माझ्या उजव्या डोळ्याकडे बघ."

मी बघितलं. मग न सांगता त्यांच्या डाव्या डोळ्याकडेही बघितलं. तो उघडा होता, पण माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या कानाच्या कडेला कुठेतरी त्याची नजर लागली होती. रोज याच माणसाबरोबर मी एका ताटलीतून बिस्किटं खाते, एका दाराने आत-बाहेर करते, आणि इतक्या जवळून त्यांच्या तोंडाकडे मी किती दिवसांत बघितलं नव्हतं! भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मला रडू यायला लागलं आणि रडणारीचं अंतर घेता येत नाही, म्हणून मी ते गिळलं.

बाबांनी आकड्यावर अंगठ्याचं नख दाबलं, पट्टी तशीच धरून दिव्याखाली नेली आणि भिंगातून वाचली. मला खुर्चीतून नख दिसत होतं. ते अठ्ठावन्नवर होतं.

बाबा क्षणभर थांबले. "एकसष्ट," ते म्हणाले. "सांगितलं होतं ना?"

"हो," मी म्हटलं. "उगाच त्रास दिला तुम्हाला."

मी मागे गेले आणि मशीन चालू केलं, नुसतंच, आवाजासाठी.

आता कुणी म्हणेल, सरळ बोलायचं होतं. मला सांगा, काय बोलायचं होतं? बाबा, तुम्हाला दिसत नाही, उठा खुर्चीतून? एकदा आडून म्हटलंही, "डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सहज जाऊन येऊ या का?" तर म्हणाले, "त्यांच्याकडे निम्मा गाव मीच पाठवतो. मला वाट माहीत आहे." विषय संपला. दादाला सांगितलं असतं तर तो विमानाने आला असता, दुकानाला कुलूप लावून बाबांना स्वतःच्या घरी घेऊन गेला असता आणि खिडकीपाशी बसवलं असतं. त्याने ते प्रेमानेच केलं असतं. मला ते होऊ द्यायचं नव्हतं.

म्हणून मी सोपा रस्ता काढला. दर वेळी चूक तीनचीच आहे ना? मग चिठ्ठी आली की मी मनातल्या मनात तीन वाढवायचे आणि लेन्स घासायची. बाबा पुढे, मी मागे, मधे आडपडदा, कुणाला कळायचं कारण नाही. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. त्या रात्री मी गाढ झोपले.

आणि तक्रारी पुन्हा सुरू झाल्या.

या वेळी बस चालवणारा आला. धिप्पाड माणूस, पण काउंटरवर चष्मा अलगद ठेवला. "काकांनी केलाय म्हणून बोलायला जीभ रेटत नाही. पण समोरच्या गाड्यांचा अंदाजच येत नाही. काल एका वळणावर माझी मलाच भीती वाटली." बाबा बँकेत गेले होते. याचा हा पहिलाच चष्मा, म्हणजे ताडून बघायला जुना नव्हता. पट्टीने अंतर घ्यायचा मला सराव नाही. पट्टी सरकते आणि समोरचा माणूस हसायला लागतो. मी खणातून टॅब काढला आणि त्याच्या तोंडासमोर धरला. ठिपक्याकडे बघा. टुंग. चौसष्ट.

मी बाबांची चिठ्ठी शोधली. तिच्यावर लिहिलं होतं, चौसष्ट.

मी पुन्हा मोजलं. पुन्हा चौसष्ट. बाबांचं बरोबर होतं, आणि मी त्यावर तीन चढवून सदुसष्ट घासलं होतं. म्हणजे माझं अंतर घेतलं त्या दिवशीच बाबांनाही कळलं होतं. त्या दिवसापासून तेही तीन वाढवत होते. ते पुढे वाढवत होते आणि मी मागे वाढवत होते, एकमेकांना कळू नये म्हणून, आणि हा माणूस तो चष्मा लावून भरलेली बस चालवत होता.

त्याला हात जोडले, बसवून ठेवलं आणि नव्या लेन्स घासून दिल्या. तो गेला आणि बाबा आले.

"बाबा, तुम्ही चिठ्ठीवर किती वाढवून लिहिता?"

ते छत्री कोपऱ्यात ठेवत होते. तशीच हातात धरून उभे राहिले. कुठली चिठ्ठी, कसलं वाढवणं, काही विचारलं नाही. "तीन," ते म्हणाले. मग छत्री ठेवत, "तू?"

"तीन."

बाबा हसायला लागले. मलाही हसू फुटलं. आम्ही दोघं बापलेक काउंटरच्या दोन बाजूंना उभे राहून वेड्यासारखे हसलो. "सहा!" बाबा म्हणाले. "अगं, माणसाचे डोळे कानापाशी नेऊन ठेवलेस की!" आणि हसता हसता ते खाली बसले, आणि मग त्यांचं ते हसणं राहिलं नाही. मी काउंटरला वळसा घालून गेले. मला वाटतं, आई गेली तेव्हासुद्धा त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला नव्हता.

"कुणाचा चष्मा होता?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. 

 माझ्या डोक्यात आता वेगळंच चालू झालं होतं. टॅब! इतके दिवस मी त्याला शत्रू समजत होते आणि बाबांची खुर्ची वाचवणार होता तो हाच. बाबांनी नुसता धरायचा. माप तो घेणार, आकडा बोलूनही दाखवणार. बाबांनी पूर्वीसारखं समोर बसावं, चौकशा कराव्यात, मुलांची लग्नं लावावीत. मी एका दमात हे सगळं बोलले.

"भंगार आहे ते," बाबा म्हणाले, पण जोर नव्हता.

"एकदा बघा तर. तुमचंच अंतर घेऊन दाखवते. माझ्यासाठी."

ते गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसले. मी समोर बसले आणि टॅब धरला. "ठिपक्याकडे बघा," त्यातली बाई म्हणाली. बाबांनी मान सरळ केली. टुंग झालं नाही. "ठिपक्याकडे बघा." त्यांनी मान जराशी डावीकडे नेली, मग उजवीकडे, मग खाली, जिथून आवाज येत होता तिथे. "ठिपक्याकडे बघा." ती बाई दमत नव्हती. मी टॅब जवळ नेला, लांब नेला. बाबा खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते, डॉक्टरांपुढे लहान मुलं बसतात तसे.

मी टॅब बंद केला.

"बघायला गेलं की तो नाहीसा होतो," बाबा म्हणाले. "बाजूला बघितलं की असतो. नेमकं जे बघायचं, तेच जातं. डावा तर केव्हाच गेला. आता उजव्यातही मधे तसंच व्हायला लागलंय."

"म्हणजे टॅब आला त्या दिवशी सकाळी..."

"हो. तुझ्या भावाचं यंत्र चांगलं आहे, ठमे. मला ठिपका दिसला नाही म्हणून ते भंगार. पट्टीचं बरं असतं. तिच्यावर नख दाबता येतं, दिव्याखाली नेता येते, वेळ काढता येतो. समोरच्याला वाटतं, म्हातारा किती काळजीने करतोय."

डॉक्टरांकडे ते एकटेच जाऊन आले होते. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, असं डॉक्टर म्हणाले. उजव्यात सुया देऊन बघू, आहे तेवढं टिकेल कदाचित, गेलेलं येणार नाही, आणखी आधी यायला हवं होतं. "हे शेवटचं वाक्य मी जन्मभर लोकांना ऐकवत आलो," बाबा म्हणाले. "ऐकायला फार वाईट लागतं, तेव्हा कळलं."

"तरी तुम्ही टॅब धरू शकता," मी म्हटलं.  "आकडा तो बोलतो. तुम्हाला बघायचं काही कारणच नाही."

"समोरचा ठिपक्याकडे बघतोय की रस्त्याकडे, हे कोण बघणार? फ्रेम नाकावर वाकडी बसलीय हे कोण बघणार?" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पहिल्यांदा तो जरा बाजूला पडला, मग नीट आला. "त्या माणसाच्या बसमध्ये माणसं बसतात गं. नको. आता तू पुढे बस."

मी भांडले असते. मी खूप भांडले असते, खरं नाव घेऊन वगैरे. पण तेवढ्यात दार ढकलून एक बाई आत आल्या. नव्याच होत्या, हातात डॉक्टरांचा कागद. बाबा सवयीने आपल्या खुर्चीकडे वळले, दोन पावलं गेले आणि थांबले. काउंटरमागे जावं तर तिथे आता त्यांचं काम नव्हतं. मागे जावं तर तिथे मशीन होतं. आपल्याच दुकानात कुठे उभं राहावं हे त्या माणसाला कळेना. शेवटी चाचपडत ते भिंतीलगतच्या बाकावर, गिऱ्हाइकं थांबतात तिथे, जाऊन बसले.

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "तुमचं व्हायचंय का काका? तुम्ही आधी आला असाल."

"नाही, नाही," बाबा म्हणाले. "तुमचं होऊ दे. मला घाई नाही."

मी बाबांच्या खुर्चीत बसले. बाईंना समोर बसवलं. बाबांच्या देखत पट्टीनेच करावं, असं मला फार वाटलं. मी ती उचलली, बाईंच्या डोळ्यांसमोर धरली, उजवा डोळा मिटला. पण डाव्यात इतकं पाणी साठलं होतं की पट्टीवरच्या रेघा एकमेकींत मिसळून गेल्या. एकही आकडा दिसेना. मी पट्टी खाली ठेवली आणि टॅब घेतला.

"ठिपक्याकडे बघा," यंत्र म्हणालं.

बाई बघत होत्या. त्यांच्या मागे बाकावर बाबा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले होते, आणि आवाज आला त्या दिशेला तेही बघत होते.